जलचिन्ह

गणपती पेठेत माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं,
दुःखद निधनाचे चौकोन.
तिथं एका दुपारी जिनगोंडा मगदूम आले,
हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं खतावणी लिहिलेले,
नखं अजून पिवळी.
म्हणाले, सोळा पानं करायची हायत.
एका फ्रेमला सोळाच. नियम हाय.
विषय : ध्रुवीय विज्ञान.

मी टाईप केलं 'धृवीय'.
ते स्क्रीनजवळ वाकले.
ध्रु पायजे, पोरी. परीक्षक पुण्याचे हायत.

पिशवीतून आधी चिमटा निघाला, मग फाईल.
बर्फ फोडत निघालेलं रशियन जहाज,
हवामानाचा फुगा धरून उभा एक दाढीवाला,
क्रिल, सील, ओझोनचं भोक,
आणि बर्फातून उपसलेला लांबच लांब गाभा.
उसाचं कांडंच की हे, मी म्हटलं.
तर खूश झाले. तसंच वाचायचं असतं,
पेरापेरानं मागं जायचं,
एक पेर, एक साल.

त्यांनी स्वतः बर्फ पाहिलेला
तो आईस फॅक्टरीतला, भुशात गुंडाळलेला,
बहिणीच्या लग्नात सायकलवरून आणताना
घरी पोचेस्तोवर निम्मा.

पान सात. एकच पाकीट.
पाठवणार : जि. आ. मगदूम, गावभाग, सांगली.
घेणार : तेच.
मधे शिक्का, दक्षिण गंगोत्री.
गोव्याच्या जहाजानं गेलं, सव्वा वर्षानं आलं.
पोस्टमननं दारातच विचारलं होतं,
मगदूम, तुमीच तुमास्नी काय लिवलंय?
कोरा कागद होता आत.
वजन लागतं ना पाकिटाला.
खाली टाईप कर :
'हे ठाणे पुढे बर्फाखाली गेले.'

मी टाईप केलं.
दुकानाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर
एकोणीस सालची रेघ आहे. दोनदा रंग देऊनही वर येते.
दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

आयर्विनला सत्तावन्न फूट झालं त्या रात्री
त्यांनी माडीवर नेली औषधं, सातबारा,
बायकोचा फोटो, गॅसची शेगडी.
अल्बम खालच्या कपाटात राहिले.
आठवड्यानं दार ढकललं तर
गोंद सुटून सगळे देश मोकळे झालेले.
एक पेंग्विन भिंतीला, पाठ करून.
शेजारच्या गोदामातली हळद पाण्यात उतरली होती,
त्यामुळं दक्षिण ध्रुव पिवळा.
खतावणीच्या कोऱ्या पानांत एकेक ठेवलं,
वर पाट, पाटावर वरवंटा,
आणि पंधरा दिवस चटणी शेजाऱ्यांकडून.

पान नऊ म्हणजे ती अकरा तिकिटं.
मजकूर त्यांनी स्वतः सांगितला, थांबत थांबत :
'जलचिन्ह म्हणजे कागदात मुळापासून असलेली,
उजेडाला धरल्यावर दिसणारी खूण.
खालील खूण तसली नव्हे.'
झालं? मी विचारलं.
झालं.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात,
वर-वधू पक्षाच्या खोल्यांमधल्या हॉलमध्ये.
परीक्षकांनी भिंग लावलं, नवव्या पानाशी थबकले.
हे काढा पुढच्या वेळी, मगदूम. स्थितीचे गुण जातात.
काढलं तर पंधराच उरत्यात, साहेब.

शाळेची पोरं आली, पेंग्विन मोजून गेली.
एक मुलगी मात्र त्या पिवळ्यापाशीच.
ह्यांना कावीळ झालीय का?
मगदूम इतके हसले की चष्मा काढावा लागला,
मग तो बराच वेळ पुसत राहिले.

कांस्यपदक मिळालं. तेराव्या पानावर
एक 'धृवीय' तसाच राहून गेला होता. माझी चूक.
तरी पैसे पुरे दिले. नोटांना हळदीचा वास.

आता अल्बम माझ्याकडे, पोटमाळ्यावर,
रेघेच्या वर दीड हात. मोजून ठेवलेत.
पावसाळ्यात सकाळी शटर वर करते
तोवर त्यांचा फोन येतो :
किती फूट?
मी आकडा सांगते.
ते अल्बमचं विचारत नाहीत,
मीही सांगत नाही की रात्री
एकदा शिडी लावून बघितलं.